नाव आणि मशीन : मनगटी घड्याळांच्या नकला, दुरुस्ती आणि फेरजुळणी

मनगटी घड्याळाची ओळख दोन ठिकाणी लिहिलेली असते. तबकडीवर छापलेले नाव ही पहिली ओळख सर्वांना दिसते, तर तबकडीच्या पाठीमागे बसवलेले यंत्र, ज्याला बाजारात सरळ ‘मशीन’ म्हणतात, ही दुसरी ओळख मागचे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. या दोन्ही ओळखी एकाच कारखान्याकडे बोट दाखवत असतील तर घड्याळ ‘ओरिजिनल’ असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु घड्याळ-उद्योगाचा इतिहास पाहिला तर दोन्ही एकाच छपराखाली तयार झाल्याची उदाहरणे सामान्य ग्राहकाला वाटतात त्याहून कितीतरी कमी आहेत, आणि याच अंतरात एक छंद गेल्या काही दशकांत वाढला आहे. नकली घड्याळे जमवणे, ती उघडून दुरुस्त करणे, त्यांचे भाग बदलून त्यांना नवे रूप देणे, असे त्याचे स्वरूप आहे. नावाच्या बाजूने पाहिले तर हा छंद फसवणुकीच्या काठावर उभा असलेला दिसतो, मात्र मशीनच्या बाजूने पाहिले तर सूक्ष्म यंत्रविद्या घरच्या टेबलावर शिकण्याची ती एक दुर्मीळ संधी ठरते; म्हणून प्रस्तुत प्रकरणात त्याचा विचार प्रामुख्याने मशीनच्या बाजूने केला आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत, कारण रोजच्या बोलण्यात त्या एकमेकींत मिसळून जातात. दुसऱ्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि घडण या तिन्हींची हुबेहूब उचल करून बनवलेले घड्याळ म्हणजे नक्कल किंवा रेप्लिका. आपल्याकडच्या बाजारात त्यातला बरा माल ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून आणि हलका माल ‘डुप्लिकेट’ म्हणून ओळखला जातो. घडण एखाद्या गाजलेल्या घड्याळासारखी, पण तबकडीवर नाव मात्र बनवणाऱ्याचे स्वतःचे, अशा घड्याळाला संग्राहक ‘होमाज’ म्हणतात. तबकडी, काटे, काच, बेझेल म्हणजे काचेभोवतीचे फिरते कडे, किंवा आतले संपूर्ण मशीन बदलून जे घड्याळ नव्याने जुळवले जाते ते ‘मॉड’. आणि निरनिराळ्या घड्याळांचे अवयव एकत्र आणून उभे केलेले, तरीही एकसंध म्हणून विकले जाणारे घड्याळ म्हणजे ‘फ्रँकन’. हे नाव मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीवरून पडले आहे. मॉड आणि फ्रँकन यांत यांत्रिकदृष्ट्या काहीच फरक नसतो. झालेला बदल उघडपणे सांगितला की मॉड, आणि दडवला की फ्रँकन, इतकाच काय तो भेद, आणि पुढील विवेचनात तो वारंवार उपयोगी पडणार आहे.

घड्याळांची नक्कल ही आधुनिक चिनी कारखान्यांची देणगी आहे, असा एक समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची कीर्ती युरोपभर पसरलेली असताना तबकडीवर व मशीनवर लंडनचे खोटे नाव कोरलेली खिशातली घड्याळे युरोपच्या मुख्य भूमीवर मोठ्या संख्येने बनत होती, आणि घड्याळांचे अभ्यासक आजही त्यांना ‘डच बनावटी’ या नावाने वेगळी काढतात. पॅरिसमधील अब्राहम-लुई ब्रेगे या असामान्य घड्याळकर्त्याच्या घड्याळांच्या इतक्या नकला होऊ लागल्या की 1795 च्या सुमारास त्याने तबकडीवर ‘गुप्त सही’ घालण्यास सुरुवात केली. पँटोग्राफ या उपकरणाच्या साहाय्याने कोरलेली ही बारीक सही समोरून पाहिल्यास दिसत नाही, तबकडीवर तिरपा प्रकाश पडला तरच उमटते. विशेष लक्षात ठेवावे असे की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील यंत्रनिर्मित घड्याळांचा दबदबा वाढला तेव्हा त्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घालून स्वस्त घड्याळे अमेरिकेत पाठवणारे उत्पादक स्वित्झर्लंडमधले होते. ज्या देशाच्या नावाची आज सर्वाधिक नक्कल होते, त्याच देशाने एके काळी दुसऱ्यांची नावे वापरून बाजार गाठला होता. नक्कल हा कोणत्याही एका देशाचा स्वभाव मानता येत नाही; प्रतिष्ठा एका ठिकाणी आणि स्वस्त उत्पादनक्षमता दुसऱ्या ठिकाणी साचली की ती जन्म घेते, हेच या इतिहासावरून दिसते.

मशीनची कथा नावाच्या कथेपेक्षा गुंतागुंतीची आहे. स्विस घड्याळ-व्यवसाय फार पूर्वीपासून श्रमविभागणीवर उभा राहिला: एक कारखाना ‘एबोश’ म्हणजे अर्धसिद्ध मशीन बनवी, दुसरा तबकड्या, तिसरा काटे, आणि ज्याचे नाव तबकडीवर येई तो पुष्कळदा केवळ जुळणी व तपासणी करी. अशा सामायिक मशीनांपैकी आज सर्वांत परिचित म्हणजे ग्रेंखेन येथील ईटा कंपनीचे 2824-2. हे मशीन स्वयंचलित आहे, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आतले अर्धवर्तुळाकार वजन फिरून त्याची चावी आपोआप भरते. त्याची जाडी 4.6 मिलिमीटर, त्यात 25 खडे, आणि त्याचे ठोके तासाला 28,800, म्हणजे सेकंदाला 8 पडतात. खडे म्हणजे कृत्रिम माणकाचे छिद्र पाडलेले तुकडे, ज्यांत चाकांच्या आसांची टोके फिरतात व त्यामुळे झीज कमी होते. या मशीनच्या मूळ रचनेवरील पेटंटची मुदत संपल्यावर ती रचना कोणालाही वापरण्यास मोकळी झाली. 2002 साली ईटाची मालकी असलेल्या स्वॉच समूहाने बाहेरच्या कंपन्यांना अर्धसिद्ध मशीन पुरवणे थांबवण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा पूर्वी ईटासाठीच जुळणी करणाऱ्या ला शो-द-फों येथील सेलिटा कंपनीने त्याच रचनेवर आपले एसडब्ल्यू-200 हे मशीन बाजारात आणले, आणि चीनमधील तियानजिनच्या सी-गल कंपनीने त्याच वळणावर एसटी-2130 बनवले. सेलिटाचे मशीन असलेल्या घड्याळाला कोणी नकली म्हणत नाही, आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. यंत्ररचनेची मुदतीनंतरची अनुकृती हा या व्यवसायाचा मान्य पाया आहे. आक्षेप सुरू होतो तो खोट्या नावापासून.

सी-गलचे दुसरे एक मशीन या संदर्भात अधिक बोलके आहे. 1961 साली चीनच्या वायुदलासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे स्वतंत्रपणे सुरू व बंद करता येणारा कालमापक असलेले घड्याळ, बनवण्याचे काम तियानजिनच्या कारखान्याकडे सोपवले गेले, तेव्हा स्विस व्हीनस कंपनीच्या 175 या मशीनची यंत्रसामग्री रीतसर विकत घेण्यात आली. त्या वंशातले एसटी-19 हे मशीन आजही तयार होते. क्रोनोग्राफचे सुरू होणे, थांबणे आणि शून्यावर परतणे ज्या खांबांच्या चक्राने, अर्थात कॉलम-व्हीलने, नियंत्रित होते, ती खर्चिक जुनी पद्धत या मशीनमध्ये टिकून राहिल्याने छंदी लोकांत त्याला मान आहे. ते नकली म्हणावे तर त्याची सामग्री पैसे मोजून घेतलेली, आणि अस्सल म्हणावे तर त्याची रचना दुसऱ्या देशातली. कोणत्याही एका कप्प्यात ते बसत नाही. संग्राहकाने असे मशीन जरूर हाताळावे.

नकली घड्याळाच्या आत काय असते, हे आता पाहता येईल. हलक्या मालात बहुधा जपानच्या सिटिझन समूहातील मियोटा 8215 या मशीनच्या घडणीवर चीनमध्ये बनलेले मशीन सापडते. ग्वांगझूचे डीजी-2813 हे त्यातले नेहमी भेटणारे. याचे ठोके तासाला 21,600, म्हणजे सेकंदाला 6, त्यामुळे 28,800 ठोक्यांच्या मूळ घड्याळात सेकंदकाटा जसा जवळजवळ सरकत जातो तसा तो येथे जात नाही. शिवाय या घडणीत सेकंदकाट्याला शक्ती मुख्य चक्रमालिकेतून थेट न मिळता बाजूच्या चाकामार्फत मिळते, म्हणून काटा मधूनच किंचित अडखळतो. हे अडखळणे झाकण न उघडता, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. वरच्या दर्जाच्या नकलांत ईटा 2824 च्या चिनी प्रती, आणि अलीकडे रोलेक्सच्या 3135 सारख्या कंपनीच्या स्वतःच्या मशीनचीही रूपे बसवली जातात, ज्यांत पुलांचा आकार, त्यांवरील कोरीव अक्षरे आणि स्क्रूंची मांडणी इतकी जुळवलेली असते की ओळख पटवण्यासाठी भिंग लावून कडांची सफाई पाहावी लागते. ‘पूल’ म्हणजे चाकांच्या आसांना वरून आधार देणारी धातूची पट्टी.

नावासाठी मशीनला किती वाकवले जाते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण क्रोनोग्राफच्या नकलांत मिळते. नकलांसाठी बहुतेक वेळा वापरल्या जाणाऱ्या व्हाल्जू 7750 या स्विस मशीनच्या रचनेत चालू सेकंदाची लहान तबकडी 9 च्या जागी, मिनिटांची 12 च्या जागी आणि तासांची 6 च्या जागी येते, तर 2000 साली 4130 हे मशीन आल्यापासून रोलेक्सच्या डेटोनात चालू सेकंद 6 च्या जागी, मिनिटे 3 च्या जागी आणि तास 9 च्या जागी असतात. मुखवटा जुळावा म्हणून नकलाकार 7750 च्या प्रतीत तबकडीखाली जादा चाके घालून सेकंद 9 वरून 6 वर नेतात. मूळ आराखड्यात या चाकांसाठी जागा नव्हती, त्यांना पुरेसे खडे नसतात आणि पुष्कळदा तेलही नसते. परिणामी घर्षण वाढते, ठोक्यांचा जोर घटतो आणि काही काळाने घड्याळ त्याच चाकांपाशी अडते. आणखी स्वस्त नकलांत तर कालमापक मुळीच नसतो, आणि त्या लहान तबकड्या वार, तारीख किंवा महिना दाखवतात. जादा चाकांच्या दोषाची दुरुस्ती करू पाहणाऱ्याला चक्रमालिकेतील घर्षणाचा हिशेब करावाच लागतो, आणि म्हणूनच बिघडलेली नक्कल शिकणाऱ्याला चालत्या घड्याळापेक्षा जास्त शिकवते.

यांत्रिक घड्याळाचे कार्य थोडक्यात असे. पिंपासारख्या डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी, जिला जुने लोक कमान म्हणत आणि आता मेनस्प्रिंग म्हणतात, ती उलगडताना चाकांना फिरवते. ती एकदम उलगडू नये म्हणून चक्रमालिकेच्या शेवटी एस्केपमेंट असते, जे ती शक्ती एकेका ठोक्याने सोडते. आणि ठोका केव्हा पडायचा हे बॅलन्स नावाचे डोलणारे चाक ठरवते, ज्याला केसासारख्या बारीक सर्पिल हेअरस्प्रिंगने बांधलेले असते. दिवसात 86,400 सेकंद असतात, तेव्हा रोज 10 सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक इतकी चूक होय. स्विस क्रोनोमीटर-प्रमाणपत्रासाठी दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची सरासरी मर्यादा आहे, तर सायकोच्या एनएच-35 या सर्वत्र मिळणाऱ्या मशीनसाठी कंपनीने सांगितलेली मर्यादा उणे 20 ते अधिक 40 सेकंदांची आहे. नीट तेल दिलेली आणि काळजीपूर्वक लावलेली चांगली प्रत या दोहोंच्या मध्ये, आणि कधी कधी पहिलीच्या जवळ येऊन बसते, ही गोष्ट छंदी लोकांना मोठे समाधान देते.

हे मोजण्यासाठी टाइमग्राफर नावाचे उपकरण वापरतात, जे संवेदनशील मायक्रोफोनने ठोके ऐकते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी काढते. ओळी आडव्या सरळ असतील तर घड्याळ वेळेवर, वर चढत असतील तर पुढे जाणारे, उतरत असतील तर मागे पडणारे. आणि दोन ओळींमध्ये फट असेल तर बॅलन्सचा डावा व उजवा झोका सारखा नाही, ज्याला ‘बीट-एरर’ म्हणतात. याशिवाय बॅलन्स किती अंश डोलतो तेही दिसते. चावी पूर्ण भरलेल्या व तबकडी वर करून ठेवलेल्या निरोगी मशीनमध्ये हा झोका साधारण 270 ते 300 अंशांचा असतो. नव्या नकलेचा झोका पुष्कळदा 220 च्या आसपास आढळतो, आणि झाकण उघडल्यावर कारणही समोर येते: काही खड्यांत तेलाचा थेंबच नसतो, काहींत इतका जास्त असतो की तो आसावरून ओघळून पुलाखाली पसरलेला असतो, आणि मशीन बसवण्याच्या कड्याशी यंत्रकामातून उरलेला धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले तर मात्र तेलाआधी चुंबकत्वाचा संशय घ्यावा. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकित होऊन एकमेकांना चिकटली की तिची परिणामी लांबी कमी होते आणि बॅलन्स भराभर डोलू लागतो. साधे होकायंत्र घड्याळाजवळ नेल्यास सुई हलते, आणि चुंबकत्व काढणाऱ्या छोट्या यंत्रावर क्षणभर धरल्यास दोष नाहीसा होतो.

दुरुस्तीचे खरे काम तेल देण्याचे आहे, आणि ते बाहेरून वाटते त्यापेक्षा फार नाजूक आहे. संपूर्ण मशीन सुटे करून, भाग द्रावणात धुऊन, वाळवून, मग जलद फिरणाऱ्या बारीक आसांना पातळ तेल, हळू फिरणाऱ्या जड आसांना दाट तेल, आणि एस्केपमेंटच्या माणकांना ठोक्याच्या धक्क्याने उडून न जाणारे वेगळे वंगण द्यावे लागते. मोबियस या स्विस कंपनीचे 9010 हे पातळ तेल या कामात जगभर वापरले जाते. सुईच्या टोकावर उचललेला थेंब खड्याच्या खोलगट भागात ठेवला की तो आसाभोवती गोल होऊन उभा राहतो. खड्याच्या वाटीचा अर्धा ते पाऊण भाग भरला तर पुरे, काठापर्यंत भरला तर तो बाहेर ओढला जातो आणि खडा कोरडा पडतो. नवख्या माणसाने हे पहिल्यांदा महागड्या घड्याळावर करू नये, आणि येथेच स्वस्त प्रतींची उपयुक्तता सर्वाधिक पटते: हेअरस्प्रिंग वाकली किंवा आसाचे टोक मोडले तरी नवे मशीन अल्प खर्चात मिळते, आणि ईटाच्या वळणाच्या प्रतीवर बसलेला हात पुढे ईटावर आणि सेलिटावरही तसाच चालतो. पाण्यापासून संरक्षणाबाबत मात्र नकलेवर विश्वास ठेवू नये. तबकडीवर 300 मीटर छापलेले असले तरी झाकणाची व चावीची रबरी वर्तुळे बदलून, त्यांना सिलिकोनचे वंगण लावून, दाबाच्या यंत्रात तपासल्याशिवाय असे घड्याळ नळाखालीही नेणे धोक्याचे आहे.

नकलेपासून मॉडकडे जाणारी वाट अनेक छंदी माणसांनी चोखाळली आहे. नक्कल उघडून, सुधारून, पुन्हा बंद केल्यावर ज्या नावासाठी ती विकत घेतली त्याचे आकर्षण कमी होत जाते, कारण आता मनगटावर त्या नावापेक्षा स्वतःच्या हाताचे काम असते. मॉडचे मोठे क्षेत्र सायकोच्या घड्याळांभोवती वाढले. 1996 साली आलेले आणि 2019 मध्ये बंद झालेले एसकेएक्स-007 हे 200 मीटरपर्यंतचे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ त्याच्या मजबूत कवचामुळे आणि भागांच्या सुलभतेमुळे या क्षेत्राचा आधार बनले. त्यातील मूळ 7एस-26 मशीनला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबवता येत नाही. त्याच कुळातील एनएच-36 बसवले की या दोन्ही सोयी मिळतात. परंतु येथे एक बारीक अडचण उभी राहते, आणि ती या छंदाची खरी चव दाखवते. एसकेएक्समध्ये चावी 3 च्या जागी नसून 4 च्या जरा अलीकडे आहे, म्हणजे संपूर्ण मशीन कवचात किंचित फिरवून बसवलेले आहे. तारखेचे आकडे खिडकीत सरळ दिसावेत म्हणून त्याच्या तारीखचक्रावर आकडे तेवढ्याच कोनात तिरके छापलेले असतात. साधे एनएच-36 जसेच्या तसे बसवले तर खिडकीतली तारीख कललेली दिसते, म्हणून जुन्या मशीनची तारखेची आणि वाराची चक्रे काढून नव्या मशीनवर चढवावी लागतात.

तबकडीच्या मागे दोन सूक्ष्म खुंट असतात, ज्यांना तबकडीचे पाय म्हणतात, आणि ते मशीनमधील नेमक्या छिद्रांत जावे लागतात; चावीची जागा वेगळी असलेली तबकडी वापरायची तर हे पाय कापून तबकडी चिकटपट्टीच्या बारीक ठिपक्यांवर बसवतात. काट्यांची छिद्रेही तितकीच काटेकोर असतात. तासकाट्याचे 1.5 आणि मिनिटकाट्याचे 0.9 मिलिमीटर हे माप एनएच-35 आणि ईटा 2824 या दोन्हींत एकच आहे, मात्र सेकंदकाट्याची नळी पहिल्यात 0.20 आणि दुसऱ्यात 0.25 मिलिमीटरची लागते. एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाने दोन दुनियांचे काटे वेगळे पडतात. काटे बसवण्याची वेळ तारीख बदलण्याच्या क्षणाशी जुळवावी लागते: चावी फिरवत तारीख उडी मारेपर्यंत न्यायचे, तेथेच थांबून तास व मिनिट दोन्ही काटे 12 वर दाबायचे, मग बाजूने भिंग लावून तिन्ही काटे एकमेकांना न घासता एकाच्या वर एक समांतर आहेत याची खात्री करायची. तबकडीवर पडलेला धुळीचा एक कण काच बसवल्यावर डोंगराएवढा दिसतो, म्हणून बोटांना रबरी टोप्या घालून आणि हवेचा फुगा मारून हे काम करतात. या साऱ्यानंतर कोणते नाव छापलेली तबकडी घालायची हा प्रश्न उरतो. पुष्कळ मॉडकार नाव नसलेली कोरी तबकडी निवडतात, आणि तीच निवड सर्वांत स्वच्छ वाटते, कारण त्या घड्याळाचा खरा जोडणारा कोणतीही कंपनी नसते.

या विषयाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. 1886 पासून मुंबईत व्यवसाय असलेली वेस्ट एंड वॉच कंपनी, भारतात अनेक पिढ्यांनी वापरलेली 1737 सालच्या परंपरेची फावर-लूबा, आणि 1961 पासून सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला बनू लागलेली एचएमटी, यांची हाताने चावी द्यायची घड्याळे लाखो घरांत होती. क्वार्ट्‌झ घड्याळे आल्यावर ती कपाटात गेली, तेथून भंगारात आणि जुन्या बाजारात आली, आणि मुंबईतील कारागिरांनी ती पुन्हा चालू करून परदेशी संग्राहकांना विकण्याचा व्यवसाय उभा केला. तबकडीवरचा जुना रंग काढून तिला नवा, बहुधा भडक रंग देऊन नाव पुन्हा छापणे, याला ‘रीडायल’ म्हणतात; आणि अशा घड्याळांना परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे काहीसे हिणवणारे नाव पडले. ही घड्याळे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: अक्षरांच्या कडा शाईने फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या, कंपनीने कधीही न काढलेले रंग, घासून घासून गोल झालेल्या कवचाच्या कडा, आणि कवचाला न शोभणारी मोठी चावी. एचएमटीचे काळ्या तबकडीचे ‘पायलट’ संग्राहकांना इतके हवेसे वाटते की साध्या ‘जनता’वर पायलटची नवी तबकडी चढवलेले नमुने सर्रास मिळतात.

‘मुंबई स्पेशल’ हे नाव तुच्छतेने घेणे मात्र अन्यायाचे आहे. एचएमटीच्या घड्याळ-विभागाचे कारखाने बंद करण्याचा निर्णय 2016 साली केंद्र सरकारने मंजूर केला, त्यानंतर या घड्याळांना कंपनीकडून नवा भाग मिळण्याची आशा राहिली नाही. अशा स्थितीत तासाला 18,000 ठोक्यांची ती मशीने आज चालत असतील तर त्याचे श्रेय रस्त्याकडेला काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या घड्याळजींना आहे. त्यांनी एका मृत घड्याळातील चाक दुसऱ्यात घातले, तुटलेला आस कातून बसवला, आणि ज्या वस्तू वितळवल्या गेल्या असत्या त्या मनगटावर परत आणल्या. दोष विक्रीच्या वर्णनात आहे, जेथे ‘नवी तबकडी’ हे दोन शब्द लिहिले जात नाहीत. एक धोका मात्र गंभीरपणे सांगितला पाहिजे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग खरोखरच रेडियमचा असे, आणि रेडियम-226 चे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचे असल्याने चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच राहतो. अशी तबकडी खरवडू नये, तिच्यावर फुंकर मारू नये आणि तिच्याजवळ खाऊ-पिऊ नये. आजच्या रंगात वापरले जाणारे स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट निरुपद्रवी आहे, तरी बोलण्यात त्यालाही ‘रेडियम’च म्हणण्याची सवय टिकून असल्याने हा गोंधळ वाढतो.

कायद्याची भूमिका थोडक्यात सांगता येते. भारतात पेटंटचे संरक्षण 20 वर्षांचे, नोंदवलेल्या आकारघडणीचे 10 व वाढवून आणखी 5 वर्षांचे असते, तर व्यापारचिन्ह नूतनीकरण करत कायम राखता येते. त्यामुळे जुन्या मशीनची आणि जुन्या घडणीची अनुकृती मुदतीनंतर वैध होते, पण नावाची कधीच होत नाही. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम 103 व 104 नुसार खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे यांसाठी 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुरुस्त केलेली नक्कल कितीही उत्तम चालत असली तरी तिची विक्री या कलमांच्या कक्षेत येते, आणि छंदातून सुरू झालेला माणूस नेमका येथेच घसरण्याचा संभव असतो.

संग्रहासाठी पाळण्याजोगी एक शिस्त या व्यवसायातच फार पूर्वीपासून आहे. घड्याळ उघडून साफ करणारा घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी, टोकदार सुईने तारीख आणि आपली खूण बारीक अक्षरांत कोरून ठेवत असे, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले तर मागचे काम कधी झाले ते कळावे. जुन्या कवचांत अशा चार-पाच खुणा एकाखाली एक सापडतात, वेगवेगळ्या हातांच्या आणि बहुधा वेगवेगळ्या गावांच्या. तबकडी दोनदा रंगवलेली असेल, काटे दुसऱ्याचे असतील, चावी तिसऱ्याची असेल, तरी पन्नास वर्षांत हे यंत्र कोणाकोणाच्या टेबलावरून गेले, याची ती नोंद झाकणाच्या आत तशीच राहते. मॉड करणारे काही जण हल्ली त्याच जागी बदललेल्या भागांची यादी लिहिलेली कागदाची पातळ चकती ठेवतात. फिरत्या वजनाला ती घासू नये म्हणून ती झाकणाला कडेने चिकटवावी लागते.